हिरडीखालचे कुंपण

दात हलू लागला की आपल्याकडे निर्णय ठरलेला असतो. मराठीत 'काढूनच टाका, डॉक्टर' आणि कानडीत 'हल्लु अल्लाडाकत्तैत्री, कित्तु बिड्री'. हा निर्णय घेणारी व्यक्ती बहुधा पंचेचाळीस ते साठ या वयातली असते. घरात मुलांच्या शिक्षणाचा खर्च असतो, मुलीचे लग्न असते, थकलेल्या सासूबाईंचे औषधपाणी असते. अशा वेळी आपल्या एका दातावर पैसे कशाला घालायचे, असे तिला वाटते.

एक दात गेला तर बिघडते कुठे? बिघडते ते हळूहळू. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. समोरच्या जबड्यातला दात आधार सुटल्याने त्या जागेत सरकू लागतो. माणूस एकाच बाजूने चावायला शिकतो. मग कडक भाकरी आमटीत भिजवून खावी लागते, पुढे तीही सुटते. म्हणून दात काढण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हा दात कशामुळे हलतो आहे? आणि त्याच्याभोवतीचे गेलेले हाड परत येऊ शकेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी सरसकट 'नाही' असेच असे. गेल्या चाळीस वर्षांत ते 'काही दातांच्या बाबतीत, हो' असे झाले आहे. या बदलामागे हिरडीखाली ठेवला जाणारा एक पातळ पडदा आहे. दवाखान्यात त्याला 'मेम्ब्रेन' म्हणतात. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

दात कशाने धरलेला असतो?

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. बाहेरून जबड्याचे हाड असते. या दोहोंच्या मधे जेमतेम पाव मिलिमीटर रुंदीची फट असते आणि ती फट बारीक तंतूंनी भरलेली असते. प्रत्येक तंतूचे एक टोक सिमेंटममध्ये रुतलेले, दुसरे हाडात. सुंभाने विणलेल्या बाजेवर बसल्यावर ती जशी किंचित दबते आणि परत ताठ होते, तसा दात या तंतूंवर पेललेला असतो. सुपारी फोडण्याइतका जोर आपण दातावर देऊ शकतो, तो या विणीच्या बळावर.

पायरियात ही वीणच उसवते. दात आणि हिरडी (कानडीत वसडु) यांच्या कडेला जंतूंचा थर साचतो, त्याचा दगड होतो, हिरडी सुजते आणि दातापासून सुटू लागते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. पायरियात ती पाच, सहा, कधी आठ मिलिमीटरपर्यंत जाते. तिथे ब्रश पोचत नाही. सुजेमुळे हाड झिजते, तंतू तुटतात आणि शेवटी दात हलू लागतो. हे सारे होताना बहुधा दुखत नाही. घासताना थोडे रक्त येते, तोंडाला वास येतो, इतकेच. पायरियातला मोठा धोका हाच, की दात हलेपर्यंत रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नाही.

जखम भरताना लागणारी शर्यत

पायरियावर पहिला उपचार म्हणजे स्केलिंग आणि मुळांची खोल सफाई. गरज पडल्यास भूल देऊन हिरडी थोडी उघडतात, आतली घाण आणि सडलेला भाग काढतात आणि पुन्हा टाके घालतात. यालाच 'फ्लॅप सर्जरी' म्हणतात. त्याने सूज उतरते, रक्त थांबते, खाच उथळ होते. पण अनेकदा तुटलेली वीण परत येत नाही.

कारण टाके घातल्यावर आत एक शर्यत सुरू होते. हिरडीची वरची त्वचा, तिच्याखालचा मऊ थर, हाडातील पेशी आणि तंतूंच्या फटीतील पेशी अशा चौघांनाही ती मोकळी जागा भरायची असते. यांत हिरडीची त्वचा सर्वांत चपळ. दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर ती पुढे सरकते. बाकीचे जागे होईपर्यंत ती मुळाच्या कडेने खाली उतरून बसलेली असते. जखम भरते, पण मूळ आणि हाड यांच्या मधे त्वचेचे अस्तर राहते. भिंतीला नवा गिलावा दिला, आतली तडे गेलेली वीट तशीच राहिली, असा हा प्रकार.

मेल्चर या संशोधकाने १९७६ साली एक विचार मांडला. मुळापर्यंत कोणत्या पेशी आधी पोचतात, यावर तिथली जखम कशी भरेल हे ठरते. सिमेंटम, तंतू आणि हाड हे तिन्ही पुन्हा घडवण्याची क्षमता तंतूंच्या फटीतील पेशींमध्ये आहे, पण त्या संथ आहेत. मग त्यांना वेग देण्यापेक्षा चपळांना काही आठवडे बाहेर थांबवले तर?

शेतकरी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पेरलेले बी आपल्या गतीने उगवते. गुरे मात्र कोवळा अंकुर दिसला की धावत येतात. म्हणून आपण कुंपण घालतो, कानडीत बेली. कुंपण काही पीक उगवत नाही. ते पिकाला वेळ मिळवून देते. हिरडीखालचा पडदा नेमके तेवढेच काम करतो.

एका दाताने दिलेला पुरावा

हा विचार खरा ठरवण्याचे श्रेय स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांना जाते. नायमन, लिंडे, कॅरिंग आणि रायलँडर यांनी १९८२ साली एका रुग्णाचा खालचा पुढचा दात निवडला. तो दात पायरियाने इतका पोखरलेला होता की काढायचाच होता. त्यांनी हिरडी उघडून मूळ स्वच्छ केले आणि मूळ व हाडावर प्रयोगशाळेत वापरतात तसल्या बारीक गाळणीचा तुकडा आच्छादला. त्यावर हिरडी बसवून टाके घातले. तीन महिन्यांनी दात भोवतालच्या हाडासकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पूर्वी रोगाने उघड्या पडलेल्या मुळावर नवे सिमेंटम आले होते आणि त्यात नवे तंतू रुतलेले होते. वीण परत येऊ शकते, याचा हा माणसाच्या तोंडातला पुरावा.

पुढे १९८६ साली गॉटलो आणि सहकाऱ्यांनी हाच उपाय अनेक रुग्णांवर केला. त्यांचा पडदा फुगवलेल्या टेफ्लॉनचा होता. नॉन-स्टिक तव्यावरचा लेप ज्या कुळातला, त्याच कुळातला हा पदार्थ. शरीर त्याच्याशी भांडत नाही. १९८८ साली डालिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना आरपार भोके पाडली आणि एका बाजूला पडदा लावला. पडद्याच्या बाजूची भोके सहा आठवड्यांत हाडाने भरली. उघड्या बाजूला बावीस आठवड्यांनंतरही हाड जवळपास आले नव्हते. आज इम्प्लांट बसवण्याआधी जबड्याचे हाड वाढवण्यासाठी पडदा वापरतात, त्याचा पाया हा प्रयोग.

पडदे किती प्रकारचे?

ढोबळमानाने दोन. पहिला प्रकार न विरघळणारा, म्हणजे टेफ्लॉनचा. कधी त्यात टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या असतात, म्हणजे तंबूच्या काठीसारखा आधार मिळून पडदा खाली बसत नाही. याचा आकार टिकतो, पण दातांभोवती वापरल्यास साधारण चार ते सहा आठवड्यांनी हिरडी पुन्हा उघडून तो काढावा लागतो. म्हणजे दुसरी, छोटी का होईना, शस्त्रक्रिया आली.

दुसरा प्रकार आपोआप विरघळणारा. यात कोलॅजेनचे पडदे सर्वाधिक वापरात आहेत. कोलॅजेन हे आपल्या त्वचेत, हाडात असणारे प्रथिन. हे पडदे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतात आणि शरीर त्यांना जिरवून टाकते. पॉलिलॅक्टिक आम्लापासून बनवलेले कृत्रिम पडदेही विरघळतात. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या काही विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याचे ते नातलग.

पडद्याखाली पोकळी राहावी म्हणून बहुधा हाडाची भुकटी, म्हणजे 'बोन ग्राफ्ट', भरतात. ती मांडवाच्या मेढीसारखे काम करते. वीण घालायची ती रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनीच.

न विरघळणाऱ्या पडद्यात एक धोका असतो. टाके सैल होऊन पडदा तोंडात उघडा पडला, तर त्यावर जंतू बसतात आणि खाली नवे येत असलेले सारे बिघडू शकते. 'कुंपणानेच शेत खाल्ले' असे आपण म्हणतो. कानडी शेजारीही 'बेलिये एद्दु होल मेय्दंते' असेच म्हणतात. ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते. म्हणून पडदा उघडा पडलेला दिसला, पांढरे काही डोकावू लागले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

'हे कोणत्या प्राण्याचे?'

हा प्रश्न विचारायला रुग्ण संकोचतात. मी तर म्हणेन, तो जरूर विचारावा. कोलॅजेनचे पडदे डुकराच्या कातडीपासून, गायबैलांच्या टाचेच्या स्नायुबंधापासून किंवा माशांपासून बनवलेले असतात. हाडाच्या भुकटीचा एक प्रचलित प्रकारही गोवंशीय हाडापासून तयार होतो. प्रक्रिया करून ते सुरक्षित केलेले असतात, याबद्दल शंका नको. पण जैन आणि लिंगायत घरांत, माळकरी कुटुंबांत, तसेच मुस्लिम घरांत हा प्रश्न केवळ वैद्यकीय नसतो. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर घरी कुणीतरी माहिती काढावी आणि आईला महिनाभर घास गोड लागू नये, असे व्हायला नको.

पर्याय असतात. टेफ्लॉन आणि पॉलिलॅक्टिक आम्लाचे पडदे प्राणिज नाहीत. हाडाच्या भुकटीतही कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे प्रकार आहेत. २००१ साली फ्रान्समधील शुक्रुन यांनी आणखी एक वाट दाखवली. रुग्णाचे स्वतःचे थोडे रक्त काढून यंत्रात फिरवायचे आणि त्यातून मिळणाऱ्या जाळीदार गुठळीचा पातळ पडदा करायचा. त्याला 'पीआरएफ' म्हणतात. तो लवकर विरघळतो, त्यामुळे जिथे दीर्घकाळ आडोसा हवा तिथे एकटा पुरत नाही. योग्य जागी मात्र तो उपयोगी आहे.

आपल्या दुभाषिक घरांसाठी आणखी एक सूचना. संमतिपत्र इंग्रजीत किंवा कानडीत असते आणि आजींना किंवा आईंना वाचता येते ते मराठी. काही घरांत नेमके उलटे. अशा वेळी दोन्ही भाषा येणाऱ्या नातवंडाने ते वाक्यावाक्याने वाचून सांगावे आणि मगच सही घ्यावी. नातवंडाला एखादा शब्द अडला, तर डॉक्टरांना विचारावे. त्यात कमीपणा नाही.

कोणत्या दाताला उपयोग?

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. हा उपाय सगळ्या हलत्या दातांसाठी नाही.

हाड एका जागी उभे झिजून मुळाशेजारी खोल, अरुंद खड्डा झाला असेल, तर यश चांगले येते. अशा खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असतात. तिन्ही बाजूंनी बांध असलेल्या वाफ्यात पाणी आणि माती टिकते, तसे तिथे रक्ताची गुठळी टिकते आणि चहूकडून पेशी येऊ शकतात. खालच्या दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात हाड अर्धवट गेले असेल, तिथेही उपयोग होतो. पण हाड सर्व दातांभोवती सारखे, आडवे झिजले असेल, तर तिथे भिंतच नसते. माळरानावर पाणी अडत नाही. बेचके आरपार उघडे पडले असेल, तर यशाचा भरवसा देता येत नाही. दात वर-खाली दबू लागला असेल, तर बहुतेक वेळा तो काढण्यातच शहाणपण असते.

यश म्हणजे किती, हेही जाणून घ्यावे. पडदा लावलेल्या आणि नुसती फ्लॅप सर्जरी केलेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केला. उभ्या खड्ड्यांमध्ये दाताची पकड पडद्यामुळे सरासरी सव्वा मिलिमीटरने जास्त वाढली, असे त्यात दिसले. ही सरासरी आहे. काहींना तीन-चार मिलिमीटरचा लाभ होतो, काहींना काहीच होत नाही. सव्वा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या मुळाला पाच-सहा मिलिमीटरचाच आधार उरला आहे, त्याच्यासाठी तो थोडा नाही.

तंबाखू, साखर आणि ब्रश

इटलीतील कोर्टेलिनी आणि टोनेटी यांनी २००४ साली अशा उपचारांनंतर वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या १७५ रुग्णांचा अहवाल दिला. उपचार केलेल्या दातांपैकी ९६ टक्के दात टिकले होते. जे गेले, ते धूम्रपान करणाऱ्यांचे होते.

आपला निपाणी पट्टा तंबाखूच्या पिकासाठी आणि बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. विडी, तंबाखू-चुना, पानातली चिमूट, बायकांची मिश्री हे आपल्या घरांना परके नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली बंदी आली, पण सवय बंदीने सुटत नाही. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो आणि पेशींचे काम मंदावते. शिवाय विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे 'माझ्या हिरड्या चांगल्या' असा त्याचा समज होतो आणि आत हाड झिजत राहते. ज्याला तंबाखू सोडणे जमणार नाही, त्याला मी पडद्यावर पैसे घालू नका असेच सांगतो.

मधुमेहाचेही तसेच. साखर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, आणि हिरडीची सूज असेल तर साखर ताब्यात येणे अवघड जाते. शस्त्रक्रियेआधी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट ब्रशची. आधी सफाई करून सहा ते आठ आठवडे थांबतात आणि हिरड्या पुन्हा मोजतात. या काळात रुग्ण नीट ब्रश करतो की नाही, हेही कळते. कित्येकांना पुढची शस्त्रक्रिया लागतच नाही. लागलीच, तर ती भूल देऊन खुर्चीतच होते. नंतर काही आठवडे त्या जागी ब्रश करायचा नसतो, क्लोरहेक्सिडिनच्या औषधाने चूळ भरायची. त्याने दातांवर तपकिरी डाग येतात, ते नंतर निघतात. त्या बाजूने चावायचे नाही. साधारण दोन आठवड्यांत टाके काढतात. हाड आले की नाही, हे मात्र सहा महिने ते वर्षभराने एक्स-रेवरच कळते. तोवर धीर धरावा आणि दर तीन महिन्यांनी सफाईला जावे. हे जाणे सुटले की पायरिया परत येतो, पडदा कितीही भारी असला तरी.

होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

१. माझ्या दाताभोवतीचा खड्डा उभा आहे की हाड आडवे झिजले आहे? एक्स-रेवर मला दाखवाल का?

२. नुसत्या सफाईने किंवा साध्या फ्लॅप सर्जरीने भागेल का?

३. पडदा आणि भुकटी कशापासून बनवलेली आहे? पडदा काढावा लागेल का?

४. शस्त्रक्रिया, पडदा, भुकटी आणि पुढील तपासण्या यांचा खर्च वेगवेगळा किती?

५. उपयोग झाला नाही, तर पुढे काय?

हे काम हिरडीरोगतज्ज्ञांचे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचे. खासगी दवाखान्यातला खर्च झेपणार नसेल, तर दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. बेळगावात के.एल.ई.चे व्ही. के. आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर अशी दोन दंतमहाविद्यालये आहेत. धारवाडला एस.डी.एम., तर गोव्यात बांबोळीला सरकारी दंतमहाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त लागतो, पण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते.

वाचकहो, हलणारा प्रत्येक दात वाचतो असे नाही. पण कोणता वाचू शकतो, हे काढण्याआधीच कळायला हवे. घरात कुणी 'कित्तु बिड्री' म्हणत असेल, तर आधी एक एक्स-रे आणि हिरडीची मोजणी करून घ्या. तोवर घाई नको. संथ पेशींनाही आपले काम करता येते, त्यांना फक्त आडोसा आणि थोडा अवधी हवा असतो.

पुढच्या आठवड्यात मिश्री आणि हिरड्या यांविषयी.